बाग पाहण्याची कीं बसण्याची?

सार्वजनिक बाग कोणासाठीं असते, हा प्रश्न आमच्या नगरपित्यांस कधीं पडतो असें दिसत नाहीं. मुंबईचें फिरोजशहा मेहता उद्यान मलबार टेकडीवरील जलाशयाच्या छतावर वसलें आहे. तेथें वड लावणें म्हणजे छताशींच वैर. म्हणून हिरवळ, फुलांचे ताटवे आणि कातरून पशूंचे आकार दिलेलीं झुडपें तेथें शोभतात. परंतु जेथें खालीं पुरुषभर माती आहे, तेथेंही तोच थाट कां? ढवळ्याशेजारीं पवळा बांधला, दुसरें काय!

इंग्लंडांत पाऊस बारमाही आणि ऊन हवेंहवेंसें. तेथें हिरवळ आपोआप फोफावते. आमच्याकडे पावसाळा चार महिन्यांचा. पुढें आठ महिने तिला पाणी पाजावयाचें, आणि वर ‘हिरवळीवर चालूं नये’ ही पाटी! मग वैशाखांतल्या दुपारीं म्हाताऱ्या माणसानें टेकावें कोठें?

झाडें आहेतच कीं, असें कोणी म्हणेल. आहेत, पण फरशी बुंध्याला भिडलेली. मुळांना ना पाणी, ना हवा. आणि वादळांत झाड उन्मळलें कीं दोष वाऱ्याचा! २०१३ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास दिल्लींतील झाडांभोवतालचें मीटरभर अंतरांतील काँक्रीट काढण्याचा हुकूम द्यावा लागला. जें कोणत्याही माळ्यास ठाऊक, तें न्यायासनानें सांगावें! आमच्या खेड्यांतला गवंडीसुद्धां पार बांधतांना बुंध्याभोवतीं माती मोकळी ठेवीत असे.

नव्या बागेचा नकाशा मंजूर करण्यापूर्वीं त्यावर दुपारची सावली कोठें पडेल तें रेखाटून दाखवावें, एवढीच आमची मागणी आहे.