विस्मरण वाढलंय? आधी बी-१२ तपासा

वाईत दवाखाना चालवताना म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याबद्दल मला बहुतेक वेळा भांड्यांचेच प्रश्न येतात. ॲल्युमिनियमची कढई टाकून देऊ का? तांब्याच्या लोट्यातलं पाणी थांबवू का? या भीतीला इतिहास आहे. १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर चेतापेशींत तंतूंचा गुंता दिसला होता. पुढे १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियममुळे काही रुग्णांची वाचा आणि बुद्धी खरोखरच गेली. घरच्या कढईमुळे अल्झायमर होतो, हे मात्र आजवर सिद्ध झालेलं नाही.

कोबाल्टबद्दल मला कुणीच विचारत नाही. बी-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो. हा रेणू झाडं बनवत नाहीत, जनावरंही नाहीत. तो जिवाणूंकडूनच येतो आणि दूध, अंडी, मासे, मटण यांतून आपल्यापर्यंत पोचतो. दिवसाला लागतं ते दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. तेवढंही वर्षानुवर्षं मिळालं नाही, तर मज्जातंतूंवरचं आवरण झिजू लागतं. पायांना मुंग्या येतात, तोल जातो, माणूस चिडचिडा होतो, विसरू लागतो. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे ही घसरण घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

एका निवृत्त शिक्षिकेला त्यांचा मुलगा घेऊन आला होता. आमटीत दोनदा मीठ पडायचं, नातवंडांची नावं उलटसुलट व्हायची, अंधारात त्या भिंत धरून चालायच्या. ‘आईचं आता वय झालंय, डॉक्टर,’ तो म्हणाला. घर शाकाहारी, दूध चहापुरतंच. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन, शिवाय रोज सकाळी पित्ताची गोळी. या दोन्ही गोळ्या दीर्घकाळ घेतल्या, तर बी-१२ नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन चांगलं होतं, म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती. बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू केली. काही महिन्यांत बाई बँकेची कामं पुन्हा स्वतः करू लागल्या. तळपायांची बधिरता मात्र गेली नाही. हे निदान खूप आधी व्हायला हवं होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

अशा बाई एकट्या नाहीत. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होतं. त्याच घरांत, त्याच ताटांत आजी-आजोबाही जेवतात, आणि उतारवयात पोटाची शोषण्याची ताकदही घटते. मोड आलेल्या कडधान्यांनी ही उणीव भरत नाही. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी शरीराला न चालणारं बी-१२. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या, तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. यांतले बहुतेक बी-१२ ने बरे होणार नाहीत. अल्झायमरवर हे इंजेक्शन चालत नाही, आणि तसं सांगून ते विकणाऱ्यांपासून लांब राहावं. पण ज्यांचं विस्मरण थांबवता येण्यासारखं आहे, त्यांना तरी आपण वयाच्या नावाखाली सोडून देऊ नये.

आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांना विसरण्याबद्दल प्रश्न असतो. उत्तर ‘हो’ आलं की त्या व्यक्तीची बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी ग्रामीण रुग्णालयात मोफत झाली पाहिजे. माझ्या रुग्णांना त्यासाठी खासगी लॅब गाठावी लागते आणि अनेक जण तिथूनच परत फिरतात. उपचार त्या मानाने स्वस्त आहेत. आई-वडिलांना डॉक्टरांकडे न्याल, तेव्हा त्यांच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, आणि त्या किती वर्षांपासून चालू आहेत तेही सांगा.