जावे तरी कुठे?

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्याला सुमारे दोन दशके लोटली. तरी एखाद्या घरातील मारहाणीची वार्ता कानी येताच सुशिक्षितांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो हाच, की ‘इतके सोसण्यापेक्षा ती घर सोडून का जात नाही?’ या प्रश्नात सहानुभूती असेल. समज मात्र नाही.

मारहाणीचे कारण विचारले, तर दारूकडे बोट दाखविले जाते. गेली अनेक दशके दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात हे उत्तर सर्वांच्या सोयीचे आहे. चोरट्या दारूने संसार धुळीस मिळतात, हे कोण नाकारील? परंतु दारू फार तर हाताला जोर देते. हात उगारण्याचा हक्क आपल्याला आहे ही समजूत त्याआधीच मनात रुजलेली असते.

याचा दाखला सेवाग्रामच्या महात्म्यानेच आपल्या आत्मकथेत देऊन ठेवला आहे. १८९८ साली दर्बान येथे, घरी राहणाऱ्या कारकुनाचे मूत्रपात्र कस्तुरबा हसतमुखाने उचलीत नाहीत, एवढ्यावरून गांधीजींनी त्यांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढीत नेले. मद्याला त्यांनी कधी स्पर्श केला नव्हता. पत्नीला आपल्या इच्छेप्रमाणे घडविणे हा पतीचा अधिकारच आहे, या भावनेने ते तेव्हा आंधळे झाले होते. त्या क्षणी कस्तुरबांनी विचारले ते एवढेच, की या परमुलखात आईबाप ना आप्त, मी जावे तरी कुठे? गांधीजी शरमले आणि ती शरम त्यांनी जगापुढे मांडली. किती पती तेवढे धैर्य दाखवितील?

आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्या एका प्रश्नात आहे. छळ म्हणजे एखाद्या दिवशीचा संताप नव्हे; ती घरातली राजवट असते. आधी माहेरचे येणेजाणे तुटते, मग चार पैशांचाही हिशेब द्यावा लागतो, पुढे ‘तुला काय कळते?’ हे वाक्य इतक्यांदा कानी पडते की ते तिला स्वतःलाच खरे वाटू लागते. मधूनच पती क्षमा मागतो आणि तिची आशा पुन्हा पालवते. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, दाराची कडी वाजली तरी काळजात धस्स होते. मुले हे मुकाट्याने पाहतात आणि तोच संसाराचा धडा समजतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कोणाची मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी कोणापाशी चकार शब्दही काढला नाही. हे मौन म्हणजे संमती नव्हे. जाण्याचे सारे रस्ते बंद झाल्याची ती खूण आहे.

कायद्याने त्या प्रश्नाला उत्तर दिले आहे. ज्या घरात ती नांदली तेथे राहण्याचा तिला हक्क आहे. ते घर सासूसासऱ्यांच्या मालकीचे असले तरी हा हक्क मिळू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. शारीरिक छळाबरोबर लैंगिक, मानसिक व आर्थिक छळही या कायद्याच्या कक्षेत येतो. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यात म्हटले आहे. परंतु संरक्षण अधिकाऱ्याची पायरी तिला ठाऊक नसेल, तर कलमांचा काय उपयोग?

तिला ठाऊक असते ती दवाखान्याची पायरी. ‘न्हाणीघरात पाय घसरला’ म्हणून ती तेथे येते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले, ते हेच ओळखून. सेवाग्रामच्या रुग्णालयाला तर कस्तुरबांचेच नाव आहे. जिल्ह्यातील प्रत्येक दवाखान्यात, मग तो आर्वीचा असो की हिंगणघाटचा, अशा स्त्रीला एकांतात आपुलकीने विचारपूस करून पुढची वाट दाखविणारे माणूस हवे. आणि ती माहेरी परतलीच, तर ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून तिला माघारी धाडण्यापूर्वी आईबापांनीही कस्तुरबांचा तो प्रश्न आठवावा.