खाण्याचे ‘नखरे’ की खरी अडचण? हॉटेलात मित्राला असं सांभाळून घ्या

ग्रुप हॉटेलात जमतो, मेन्यू येतो आणि एकजण म्हणतो, ‘मला फक्त डाळ-भात.’ लगेच ‘किती नखरे!’ अशी चेष्टा सुरू होते. पण दरवेळी ते नखरे नसतात. वास, चव किंवा स्पर्श सहन होत नाही म्हणून मोजकेच पदार्थ खाणं आणि त्यामुळे पोषण बिघडणं, हा ‘एआरएफआयडी’ विकार असू शकतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-५’ या निदान-पुस्तिकेत २०१३ मध्ये त्याचा समावेश झाला. प्रत्येकाला विकारच असेल असं नाही. पण आग्रह कुणालाच नको असतो.

उपाय सोपा आहे. हॉटेल ठरवण्याआधी मेन्यू ग्रुपवर टाका, त्याला चालेल असा एक तरी पदार्थ आहे ना, ते बघा. ‘एक घास खाऊन तर बघ’ टाळा. बिलही ज्याचं त्याने द्यावं. नाहीतर पुढच्या वेळी ‘काम आहे’ सांगून तो येणारच नाही.