डिस्क मेली नव्हती, डबा मेला होता

गेल्या उन्हाळ्यात भाचीचं लग्न ठरलं आणि बहिणीचा फोन आला. "नानीची गाणी पाठव. पोरींना ढोलकवर बसवायची आहेत."

ही गाणी म्हणजे आमच्या घरातली दखनी लग्नगीतं. १९९४ साली मोठ्या बहिणीच्या लग्नात मामांनी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून दोन रात्री रेकॉर्डिंग केलं होतं. नानी म्हणायची, बाकीच्या बायका मागून ओढायच्या. पुढे नानी गेली. २०११ मध्ये मी त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. कॅसेटींना बुरशी आली होती, म्हणून नंतर त्या टाकून दिल्या. जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा त्यातली हार्ड डिस्क काढून एका बाहेरच्या डब्यात बसवली. दुकानदार त्याला एन्क्लोजर म्हणाला, कोणी केसिंग म्हणतं. साडेतीनशे रुपयांचा प्लॅस्टिकचा डबा होता तो. त्यात नानीची गाणी, अब्बांची कागदपत्रं, घरातले निकाहनामे, शाळा सोडल्याचे दाखले आणि माझ्या वीस वर्षांच्या उर्दू-मराठी प्रश्नपत्रिका. एवढं सगळं साडेतीनशे रुपयांच्या भरवशावर!

फोन ठेवून मी डिस्क जोडली. ती फिरायला लागली, थांबली, पुन्हा फिरली. मग पडद्यावर सूचना आली : ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

खरं सांगते, माझं बोट बटणावर गेलं होतं. कॉम्प्युटर सांगतोय म्हणजे तसंच करायचं असणार, असं वाटलं. मग सुचलं म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. आता तो कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. तो ओरडलाच, "आपा, काही दाबू नका. नुसतं बंद करा. मी येतो."

संध्याकाळी तो आला, चार स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली आणि स्वतःच्या डब्यात बसवली. पाच मिनिटांत सगळी फोल्डरं समोर. "डिस्कला काही झालं नाही, आपा. डबा मेलाय तुमचा."

तेव्हापासून या विषयात मी बरंच डोकं घातलं. आता माझं ठाम मत झालंय की आपण डिस्क घेताना जेवढी चौकशी करतो, तेवढीच डबा घेतानाही करायला हवी. किती टीबी, कोणती कंपनी, हे सगळे विचारतात. डबा मात्र मोबाइलचं कव्हर घ्यावं तसा घेतला जातो. खरं तर तो नुसता डबा नसतोच.

डिस्क एक भाषा बोलते, तिला साटा म्हणतात. तुमचा लॅपटॉप यूएसबीच्या भाषेत बोलतो. डब्यातलं छोटं कार्ड म्हणजे या दोघांमधला दुभाषी. मी आयुष्यभर दोन भाषांच्या मध्ये उभी राहिले आहे, त्यामुळे दुभाष्या कच्चा असला की काय होतं हे मला वेगळं सांगायला नको. बोलणारा शहाणा, ऐकणारा शहाणा, तरी निरोप चुकतो. आणि दोष मात्र बोलणाऱ्याला, म्हणजे डिस्कला लागतो. किती जणांनी अशा चांगल्या डिस्क 'खराब झाली' म्हणून भंगारात दिल्या असतील, कोण जाणे.

म्हणून डबा निवडताना माझा पहिला प्रश्न वेगाचा नसतो आणि रंगाचाही नसतो. हा डबा उद्या मेला, तर माझी डिस्क दुसऱ्या कुठल्याही साध्या डब्यात वाचता येईल का? उत्तर 'हो' असेल तरच पुढचं बोलणं.

सगळीकडे ते 'हो' नसतं. काही डब्यांचं कार्ड डिस्कवर लिहितानाच सगळं कुलूपबंद करतं. तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरीही. कुलपाची किल्ली त्याच कार्डाशी बांधलेली असते. कार्ड जळलं की डिस्क धडधाकट असूनही दुसरीकडे ती कोरी किंवा निरर्थक दिसते. काही डबे डिस्कवरच्या जागेचे तुकडे आपल्या हिशेबाने मोजतात, त्यामुळे एका डब्यात फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्यात उघडत नाही. आणि बाजारात तयार मिळणाऱ्या छोट्या एक्स्टर्नल डिस्कपैकी काहींमध्ये यूएसबीची पिन थेट डिस्कच्या सर्किटवरच झाळलेली असते. ती पिन ढिली झाली, तर डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालायची सोयच उरत नाही.

यावर लोक म्हणतात, तयार डिस्कला वॉरंटी असते की. असते ना. वॉरंटीत तुम्हाला नवी डिस्क मिळेल. नानी मिळणार नाही.

तेव्हा सुटी डिस्क आणि सुटा, उघडता येणारा, साधा डबा घ्यावा, असं मी सांगते. पहिल्याच दिवशी एक परीक्षा घ्या. रिकाम्या डिस्कवर दोन-चार फायली टाका, डिस्क काढा आणि दुसऱ्याच्या डब्यात किंवा एखाद्या डेस्कटॉपला आतून जोडून पाहा. फायली दिसल्या तर पास. नाही दिसल्या तर परत करण्याची मुदत संपायच्या आत डबा दुकानदाराकडे.

दुसरा प्रश्न विजेचा. लॅपटॉपमधून काढलेली २.५ इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते. जुन्या यूएसबी २.० पोर्टची हमी ५०० मिलिअँपिअरची, ३.० ची ९००. पण डिस्कची तबकडी थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते, त्या क्षणी तिला एक अँपिअरच्या आसपास लागू शकतो. वीज कमी पडली की डिस्क सुरू होते, दम तुटतो, पुन्हा सुरू होते. लांबलचक स्वस्त केबल असेल तर आणखी वाईट. डब्यासोबत आलेली आखूड केबल म्हणूनच टाकून देऊ नये.

डेस्कटॉपमधली ३.५ इंची डिस्क वेगळी. तिला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबी पोर्ट साधारणपणे ५ च देतो. म्हणून या डब्याला भिंतीत लावायचा अडॅप्टर असतोच. तो साधारण १२ व्होल्ट, २ अँपिअरचा असावा. डबा बिघडला असं वाटतं तेव्हा कित्येकदा अडॅप्टरच थकलेला असतो. माझ्या बाबतीत कार्ड आणि अडॅप्टर दोन्ही गेले होते. अडॅप्टरची पिन चपखल बसते ना, जरा हात लागला तर निसटत नाही ना, हे दुकानातच पाहावं. डिस्क लिहीत असताना वीज गेली, तर फायली खरोखरच बिघडतात.

तिसरी गोष्ट उष्णता. ३.५ इंची डिस्क तासभर चालली की चांगली तापते. हवा न जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ती शिजते. अॅल्युमिनिअमचा डबा डिस्कला टेकून बसत असेल तर उष्णता बाहेर टाकतो. तासन्‌तास चालवायची असेल तर पंखा असलेला घ्यावा.

वेगाच्या नावाखाली मात्र बरीच लूट होते. फिरणाऱ्या तबकडीची डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० मेगाबाइटच देऊ शकते. तिला ५ गीगाबिटचा यूएसबी ३.० डबा भरपूर झाला. १० किंवा २० गीगाबिटच्या डब्याला जादा पैसे देऊन ती जोरात पळणार नाही. तो खर्च एनव्हीएमई एसएसडीसाठी ठीक. उलट जुना २.० डबा मात्र घेऊ नका. ५०० जीबी त्याच्यावरून उतरवायला चारेक तास जातात. तेच काम ३.० वर दीड तासाच्या आत होतं. आणि पिन टाइप-सी दिसली म्हणजे वेग जास्त, असंही नाही. तो फक्त पिनचा आकार झाला.

जुन्या डब्याबद्दल आणखी एक. त्यांतले बरेचसे २ टीबीच्या वरची डिस्क नीट ओळखत नाहीत. कोणी सुटीत साफसफाई करताना सापडलेला डबा प्रेमाने दिला, तर आधी मोठी डिस्क लावून पूर्ण आकार दिसतो का ते पाहा.

शेवटची परीक्षा तब्येतीची. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते : किती तास चालली, किती जागा खराब झाली. चांगला डबा ही नोंद कॉम्प्युटरपर्यंत पोचू देतो, काही डबे ती अडवतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम लावून बघा. तब्येत आणि तापमान दिसलं तर डबा कामाचा.

लॅमिंग्टन रोडवर मी नवा डबा घ्यायला गेले तेव्हा यातले निम्मे प्रश्न विचारले. दुकानदार जरा वैतागला. "मॅडम, एवढं कोणी विचारत नाही." मी म्हटलं, म्हणूनच विचारते. आमच्याकडे जुन्या घरात पत्र्याची पेटी असायची. सातबारा, दाखले, चांदीचे दोन दागिने त्यात. ती पेटी घेताना दादा कडी हलवून पाहायचे, बिजागरी बघायचे, तळाला हात लावून बघायचे. पेटीपेक्षा आतला ऐवज मोलाचा, हे त्यांना कळत होतं. आम्ही शिकलेली माणसं मात्र ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसेल त्यावर बोट ठेवतो.

मुलगा म्हणतो, क्लाउडवर टाक ना. टाकते. पण गुगल फुकटात १५ जीबी देतं, त्यातच ईमेल आणि फोटोही आले. अडीचशे जीबीचं रेकॉर्डिंग आणि स्कॅन त्यात मावत नाहीत. दरमहा पैसे भरत राहायचं आणि मी गेल्यावर ते कोणी भरायचं, हा प्रश्न आहेच. घरात एक प्रत हवीच.

एक सावधगिरी सांगून ठेवते, नाहीतर माझ्या भरवशावर कोणी फसेल. प्रत्येक वेळी दोष डब्याचाच असतो असं नाही. चांगल्या डब्यात, पुरेशी वीज असतानाही डिस्क टकटक करत असेल तर ती खरोखर आजारी आहे. ती लगेच बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. आणि फॉरमॅट करायचं का या प्रश्नाला घाईने कधीही 'हो' म्हणू नका.

कितीही चांगला डबा घेतला तरी तो एकच असेल तर काम अर्धंच झालं. चूक डब्याची होती, तेवढीच माझीही होती. कॅसेटी टाकल्या त्या दिवशी दुसरी प्रत करायला हवी होती. आता दोन डिस्क आहेत, दोन वेगवेगळ्या डब्यांत. एक माझ्याकडे, एक बहिणीकडे. ईदला भेटतो तेव्हा नवीन भर दोन्हींवर चढवतो.

लग्नात पोरींनी नानीचं एक गाणं म्हटलं. चाल थोडी चुकली. रेकॉर्डिंग लावून मी ती दुरुस्त करून दिली.