ईदच्या गर्दीत मांजर कोण सांभाळणार?

ईदच्या आधीच्या आठवड्यात आपल्या घरांत सगळ्याची यादी होते. शेवया, खजूर, चारोळी, दूध किती लिटर, कोणाला किती ईदी. घरातल्या मांजरीचं नाव त्या यादीत क्वचितच येतं. कोंढव्यात माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत आता मांजर आहे, बहुतेक पर्शियन. हट्ट मुलांचा, सांभाळ अम्मीचा. ईदच्या दिवशी तीच अम्मी पहाटेपासून चुलीपाशी असते. माझं मत स्पष्ट आहे. त्या दिवशी मांजरीची जबाबदारी घरातल्या पुरुषांनी घ्यावी. नमाज आटोपून घरी आल्यावर पाहुण्यांची गळाभेट घेण्यापलीकडे आपल्याला तसंही फारसं काम नसतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. बिघाड कुठे होईल हे आधी शोधायची सवय धंद्यानेच लावली आहे. ईदच्या घरात ती जागा म्हणजे मुख्य दार. ते दिवसभर उघडझाप होत असतं आणि उघडणारा हात दरवेळी वेगळा. 'दार ओढून घ्या हं' असं पन्नास जणांना सांगत बसण्यावर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा एक खोली मांजरीला द्या. पाणी, खाणं, लिटर ट्रे, तिची नेहमीची चादर आत ठेवा आणि आदल्या दिवसापासून तिला तिथे रुळू द्या. दाराला कुलूप लावा, किल्ली एकाच्याच खिशात. दर दोन-तीन तासांनी त्याने जाऊन बघायचं.

यावर लगेच प्रश्न येतो, "मांजरीला कोंडणं गुनाह नाही का?" बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत असलेली ती हदीस आपण लहानपणापासून ऐकली आहे. पण त्यातल्या बाईचा अपराध नीट पाहा. तिने मांजरीला ना खायला दिलं, ना स्वतःचं अन्न शोधायला मोकळं सोडलं. भरल्या वाटीजवळ शांत झोपलेल्या मांजरीची गोष्ट वेगळी आहे. शिवाय ज्या खालाला दमा आहे किंवा मांजरीची भीती वाटते, तिलाही आपल्या घरी निवांत बसायचा हक्क आहे. घरात कुत्रा असेल तर पाक-नापाकचा वाद ईदच्या दिवशी उकरायची गरज नाही. बंद खोली कुत्र्यालाही बरी आणि पाहुण्यांनाही.

खाण्याचं मात्र मनावर घ्या. बिर्याणीतला तळलेला कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने विष जात नाही आणि त्रास काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे ईदशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. शीरखुर्म्यातले मनुके कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूधही पचत नाही. शिजलेली हाडं चिरफाळून आतडी फाडतात. एवढंसं बोटभर देणारी छोटी मुलं आणि लाडाने तुकडा टाकणारे चाचा, दोघांवरही नजर हवी. अत्तर मांजरीच्या अंगाला लागू देऊ नका. ती अंग चाटते, आणि अशा तेलांतले काही घटक तिच्या यकृताला हाताळता येत नाहीत. लोबानचा धूरही त्या खोलीपासून लांब.

सगळ्यात धोक्याची गोष्ट ईदनंतर घडते. घाबरलेला बोका एक-दोन दिवसांनी ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो आणि लघवी होत नाही. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ असेल. पण मूत्रमार्ग बंद झाला असेल तर दिवस-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठायचा. सणाच्या दिवशी कोणता दवाखाना उघडा आहे, हे चाँदरातीच्या आधीच फोन करून विचारून ठेवा.

आणि ईदी म्हणून पिल्लू आणायची जी नवी हौस निघाली आहे, ती मला अजिबात पटत नाही. आईपासून नुकतंच तुटलेलं पिल्लू वर्षातल्या सगळ्यात गोंगाटाच्या दिवशी घरी येतं आणि संध्याकाळपर्यंत वीस हातांतून फिरतं. आणायचंच असेल तर ईद होऊन आठवडा जाऊ द्या.