कॅमेरा बसवला, पण गेलो कितीदा?

परवा एक माहितीपट पाहिला. चिलीचा, स्पॅनिश भाषेतला. नाव 'द मोल एजंट', दिग्दर्शिका माइते अल्बेर्दी. २०२१ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, तरी माझ्या ओळखीत कुणी नावही ऐकलेलं नाही.

एका बाईला संशय येतो की वृद्धाश्रमात आपल्या आईची आबाळ होतेय. ती खासगी गुप्तहेर गाठते. तो पेपरात जाहिरात देतो: ८० ते ९० वयाचा माणूस पाहिजे, मोबाईल वापरता आला पाहिजे. निवड होते ८३ वर्षांच्या सर्जिओ यांची. बायको जाऊन काही महिनेच झालेले. छुपा कॅमेरा घेऊन आजोबा तीन महिने आश्रमात राहायला जातात.

सुरुवातीला हसू येतं. मग हळूहळू घसा दाटतो. कारण तिथं एक म्हातारी सारखी स्वतःच्या आईची वाट बघते आणि तिची समजूत काढायला कर्मचारी आई बनून तिच्याशी फोनवर बोलतात. सर्जिओंना गुन्हा असा सापडतच नाही. सापडतो तो एकटेपणा. शेवटी ते कळवतात की हेर कशाला, लेकीनं स्वतः यावं.

खरं सांगू? हे ऐकून मला माझीच लाज वाटली. गेल्या वर्षी मीही गावच्या घरात आईसाठी कॅमेरा बसवला. काळजीपोटीच. ऑफिसात बसून मोबाईलवर बघतो. ती कॅमेऱ्यासमोरून जाताना प्रत्येक वेळी पदर सारखा करते, जणू कुणी आलंय. त्या वर्षात मी गेलो फक्त दोनदा.

आपल्याकडे २००७ चा कायदा आहे, आईवडील मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. तो हवाच, कितीतरी जणांना त्याचाच आधार आहे. पण कायदा पैसे वसूल करून देईल, ओसरीवर येऊन बसणार नाही. पैसे पाठवणं आणि लक्ष ठेवणं म्हणजेच सांभाळणं, अशी सोयीची समजूत आपण करून घेतलीय.

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. आई अठ्ठ्याहत्तरची. पण तिच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नाही. माझे गुडघे धड आहेत, तिकिटालाही पैसे आहेत.

मग जायचं कुणी?