वारसा म्हणजे वतन नव्हे

वारसा हा शब्द आपण जपून वापरावा. ज्यांना बापाची गादी, बापाचं घराणं, बापाची पोथी आयती मिळते त्यांचा तो लाडका शब्द. आपल्या वाट्याला आलं ते मेलेलं ढोर ओढायचं वतन. कायद्यानं ते १९५८ साली मोडलं. डोक्यातलं मोडलं काय?

आमच्या सुप्याकडं हलगी घुमवणाऱ्याला म्हणतात, "त्याला काय शिकायचंय, रक्तातच हाय." गवयाच्या पोराला म्हणतात, "काय साधना!" म्हणजे आपली मेहनत रक्ताच्या खात्यावर आणि त्यांचं रक्त मेहनतीच्या खात्यावर! अमेरिकेतल्या काळ्यांनाही हेच ऐकवलं. सॅक्सोफोनवर ऐन वेळी रचून वाजवतात, ते म्हणे उपजत.

साफ खोटं. चार्ली पार्करनं १९३७ च्या उन्हाळ्यात लेस्टर यंगच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून सूर न् सूर पाठ केला. १९४५ मध्ये 'को-को' वाजवलं तेव्हा लेस्टर पचला होता. 'चेरोकी' या गाण्याचा सांगाडा ठेवला, चाल फेकली, वर स्वतःचं मांस चढवलं. ऐन वेळी सुचायला आधी पोटात काहीतरी लागतं.

मग पार्करच्या मागं नकलाकार लागले. त्याच्यासारखं वाजावं म्हणून कित्येकांनी त्याचं हेरॉईनसुद्धा उचललं. सूर आला नाही, सुई राहिली. १९५५ मध्ये तो ३४ व्या वर्षी मेला. सनी रोलिन्स त्या सुईतून सुटला. १९५८ मध्ये 'फ्रीडम स्वीट' करून काळ्यांच्या हक्काचं बोलला. नाव झालेलं असताना १९५९ ला मैफली सोडल्या आणि १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटा वाजवत राहिला. खाली बोटी, बाजूला आगगाड्या. त्या गोंगाटात स्वतःचा आवाज तासला. हाच रोलिन्स १९७८ ला मुंबईच्या जॅझ यात्रेत वाजवून गेला.

आता आपलं बघा. १९७२ ला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, मराठी कवितेची भाषा उलटीपालटी झाली. मागनं आलेल्यांनी काय उचललं? शिव्या. कामाठीपुरा न बघता कामाठीपुरा लिहिला. ही सुईच की! मी गोदीत बोजा उचलतो. माझ्या ओळीत विंचचा खडखडाट, आकड्यानं फाटलेलं पोतं, सुप्याचा दुष्काळ यायला पाहिजे. उसनी शिवी कशाला?

ढसाळ फेकून द्या असं मी म्हणत नाय. ओळ न् ओळ पाठ करा, पार्करनं लेस्टर केला तसा. मग आपापला पूल शोधा. बापाची गादी चालवायला बामण बसलेत. आपण आपल्या तोंडानं बोलायचं.